पेशीबाबाची चळत

दुकानांच्या वरचा हॉल सकाळी नऊलाच गच्च भरला होता. जिन्यात चपलांचा ढीग, आणि आत पेशीबाबा. बाबा अगदी आधुनिक! जटा नाहीत, दाढी नाही, अंगात पांढरा कोट. समोर भोकं पाडलेल्या सहा तांब्याच्या ताटल्यांची चळत.

"प्रत्येक पेशीत गॉल्जी नावाची अशीच चळत असते," बाबा डोळे मिटून सांगत होता. "ती तुंबली की साखर चढते. माझी चळत ती मोकळी करते. वरची ताटली आवक, खालची जावक. सुया फेकून द्या."

माझ्या ताईने त्या खरंच फेकल्या होत्या. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेली बाई, आणि काल सकाळपासून एकही इंजेक्शन नाही. ओठ सुकलेले, पाण्याची तिसरी बाटली संपत आलेली. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणे, "आधी बाबा." मी घाबरलो होतो आणि मला तिचा रागही आला होता.

बाबाजवळ साखर तपासायच्या पट्ट्यांच्या दोन डब्या होत्या. त्याने ताईच्या लघवीत पहिल्या डबीतली पट्टी बुडवली. गडद हिरवी; म्हणजे साखर. मग थोडी लघवी वरच्या ताटलीत ओतली. ती ठिबकत खालच्या पेल्यात आली. आता दुसऱ्या डबीतली पट्टी. रंग ढिम्म बदलला नाही. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

माझी बायको शाळेत जीवशास्त्र शिकवते. ती उठून पुढे गेली.

"तुमचा अर्धा धडा बरोबर आहे," ती म्हणाली. "गॉल्जी म्हणजे चपट्या पिशव्यांची चळतच. एका बाजूने कच्ची प्रथिनं येतात, पिशवीगणिक वेगळी कारागिरी होते, आणि दुसऱ्या बाजूने पत्ता घालून, पुड्या बांधून माल निघतो. इन्सुलिनसुद्धा. पिशव्या चपट्या, म्हणून कारागिरीला जागा भरपूर. वेगवेगळ्या, म्हणून एकीचं काम दुसरीत मिसळत नाही. पण सगळा खेळ क्रमाचा."

मी पार्सल ऑफिसात आहे, मला हे लगेच पटलं. आमच्या साहेबांनी एकदा हौसेने आवक-जावकची दारं बदलली, तर बिनपत्त्याचे खोके थेट ट्रकमध्ये चढले. ते निस्तरायला आठवडा लागला.

"मग ही उलटी करते," म्हणत बायकोने जावक वर आणि आवक खाली मांडली. उरलेली लघवी ओतली, दुसऱ्या डबीतली पट्टी बुडवली. पट्टी कोरीच.

"उलटंही चालतं?"

"श्रद्धा असली की चालतं, बाई."

"गॉल्जीला नाही चालत." तिने पर्समधली ग्लुकोजची पावडर पाण्यात ढवळली आणि दुसऱ्या डबीतली नवी पट्टी त्यात घातली. निव्वळ साखरेच्या पाण्यातही ती कोरी! मग पहिल्या डबीतली पट्टी बाबाच्या 'शुद्ध' पेल्यात. ती हिरवीगार झाली.

"ही दुसरी डबी म्हणजे नुसता रंगीत कागद," बायको म्हणाली. "आणि ताई, तुमच्या अंगात इन्सुलिन करणाऱ्या पेशीच उरलेल्या नाहीत. मोकळी करायची ती कोणाची चळत?"

बाबा तोवर जिन्यातल्या ढिगात स्वतःच्या चपला शोधत होता.

ताईने पट्टीकडे पाहिलं. मग माझा दंड धरून ती उठली. "मला दवाखान्यात ने," ती म्हणाली. "आत्ता."

तिचा हात गार होता. मी तो दवाखान्याच्या दारापर्यंत सोडला नाही. आणि तुम्हाला एवढंच सांगतो: कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी तो उलटा करून बघा. खऱ्या यंत्राचं काम उलटं केलं की अडतं. थाप मात्र दोन्हीकडून सारखीच चालते.