एका हाताने बदलायची रिबन

"दोन्हीकडचे आकडे एकाच वेळी दाबाचे," कय्यूम म्हणाला. "मंग डबी खाली बसते. पाहा."

सोमारीने पाहिलं. याआधीही तिने तीनदा पाहिलं होतं. समजण्यात काही कमी नव्हतं, कमी होती ती बोटांत. मळणी यंत्राने तिच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली होती. अंगठा आणि त्याच्या शेजारचं एक बोट तेवढं उरलं होतं. प्रिंटरची रिबन बदलायची म्हणजे दोन्ही हातांनी तिच्या डबीला धरून ठेवणारे आकडे दाबायचे, डबीचं चाक फिरवत राहायचं आणि त्याच वेळी शाईची फीत छपाईच्या सुया असलेल्या डोक्यामागच्या बारीक फटीत सरकवायची. दहा बोटांच्या माणसालाही अकरावं हवंसं वाटावं असं ते काम.

बाहेर बांबूने भरलेला ट्रक उभा होता. ग्रामसभेचा वाहतूक पास हातात पडल्याशिवाय तो हलणार नव्हता, आणि पास छापून देणं हे सोमारीचं काम. पासच्या चार प्रती लागत, मध्ये कार्बन घालून, म्हणून ठोकून छापणाराच प्रिंटर लागे. फीत विटली की चौथ्या प्रतीवर काही उमटत नसे. मग सोमारी रेंज मिळणाऱ्या टेकाडावर चढून चामोर्शीला फोन करी आणि कय्यूम स्कूटरवरून पन्नास किलोमीटर येई. गावातल्या कुणी बदलून द्यावी म्हटलं तर दिवसा गावात असतं कोण? सगळे बांबू तोडायला गेलेले.

"असं किती दिवस चालन?" ग्रामसभेचा अध्यक्ष मुखरू दारातून म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "सोमारी काम चोख करते, माह्यं काई म्हणणं नाई. पण ड्रायव्हर लोकं कटकट करून राह्यले. पुढच्या सभेत कोणी ना कोणी म्हणनच, दोन हाताचं माणूस ठेवा."

सोमारी जुनी रिबन कागदात गुंडाळत राहिली. कय्यूमला मात्र ते वाक्य लागलं.

"सभा कधी हाये, मुखरूभाऊ?"

"पुनवेनंतर. काऊन?"

"तवापर्यंत थांबा. खोट बाईच्या हातात नाई, मशीनमंदी हाये."

बोलून गेला खरा; पण परतीच्या वाटेवर घोट गावाच्या आसपास त्याला कळलं की आपण काय पत्करलं आहे. तीस वर्षं तो प्रिंटर दुरुस्त करत आला होता. मोडलेलं पूर्वीसारखं करायचं, एवढंच त्याला येत होतं. पूर्वीपेक्षा बरं काही करायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

चामोर्शीच्या बाजारालगत त्याचं दुकान होतं आणि मागेच दोन खोल्यांचं घर. बायको, कनीज, जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा मुबीन हैदराबादला होता. त्याचा दर शुक्रवारी फोन येई आणि दर शुक्रवारी तो तेच म्हणे, "अब्बा, ये मशीनां अब कौन रखता? दुकान बंद करके आ जाओ इधर."

"देखेंगे," कय्यूम म्हणे.

दुसऱ्या दिवशी त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली आणि उजव्या हाताची तीन बोटं तळव्याशी आवळून बांधली. मग भंगारातला तसाच एक प्रिंटर समोर घेऊन बसला. नुसतं कामापुरतं नाही, दिवसभर त्याने ती बांधूनच ठेवली. चहा तसाच केला, भाकरी तशीच मोडली. चौथ्या दिवशी सदऱ्याचं बटण लावताना त्याच्या मनात आलं, घरात कुणी असतं तर आतापर्यंत दहादा विचारलं असतं, हे काय खूळ घेतलंय म्हणून. बटण लावायला बराच वेळ लागला.

आकड्यांचं काम जमलं. दोन्ही आकडे त्याने एका आडव्या पट्टीला जोडले. तळहाताच्या टाचेने पट्टी दाबली की दोन्ही एकदम उघडत. डबीखाली ड्रॉवरसारखा सरकणारा एक पत्रा बसवला. आता फीत तेवढी आपोआप फटीत जायला हवी होती. ती धड जात नव्हती.

तरीही तो सोमारीच्या गावात गेला आणि ही जोडणी तिच्या प्रिंटरला बसवली. सोमारीने एका हाताने डबी बसवली, सरकवली, छपाई सुरू केली. तिसऱ्या ओळीला फीत दुमडली आणि कागद फाटला. ट्रकचा ड्रायव्हर दारात उभा राहून पाहत होता. तो हसला.

कय्यूम मशीन उघडून बसला. सोमारी त्याच्या शेजारी उकिडवी बसली आणि फटीकडे बघत राहिली.

"भाऊ, तिले वाट दिसून नाई राह्यली," ती म्हणाली.

"कोणाले?"

"फितीले. आमच्याकडं मासे धराची टोपली रायते ना, तिचं तोंड मोठं रायते, मंग आत आत लहान होत जाते. मासा आपल्या मनानंच जाते. त्याले कोणी ढकलत नाई."

कय्यूमने तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा फटीकडे. "टोपली हाये का घरी?" त्याने विचारलं.

ती टोपली स्कूटरला बांधून तो चामोर्शीला परत आला. तसंच पसरट तोंडाचं, निमुळतं होत जाणारं एक बारीक नरसाळं त्याने पत्र्याचं केलं, पण पत्रा फीत कापू लागला. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक फार लिबलिबीत. काहीतरी पातळ, गुळगुळीत आणि तरीही ताठ राहील असं हवं होतं. दोन दिवस तो शोधत होता. असं काही घरात आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

कपाटावर, खाकी पाकिटात, कनीजच्या छातीचा एक्स-रे होता. डॉक्टरांनी तो दोनदा पाहिला होता, नंतर कुणीच नाही. कय्यूमने तो खिडकीच्या उजेडात धरला. बरगड्या, आणि त्यांच्यामध्ये ती धुरकट पांढरी जागा. मग कात्री घेतली आणि बरगड्या सोडून कडेचा कोरा काळा भाग तेवढा कापला. उरलेला पुन्हा पाकिटात घातला, पाकीट पुन्हा जागेवर ठेवलं.

सभेच्या आदल्या दिवशी सोमारीने पट्टी दाबली, डबी टाकली, पत्रा आत लोटला आणि चाक फिरवलं. फीत त्या काळ्या नरसाळ्यात शिरली आणि पलीकडून सरळ निघाली. प्रिंटर खरखरत सुरू झाला. मुखरूने वरच्या तीन प्रती बाजूला केल्या आणि चौथी दाराशी नेऊन डोळ्यांजवळ धरून वाचली, ट्रकच्या नंबरापासून खालच्या तारखेपर्यंत.

"दिसते," तो म्हणाला. सभेत तो विषय निघालाच नाही.

त्या दिवशी मुखरू गेल्यावर सोमारीने रिबन काढली, पुन्हा बसवली. पुन्हा काढली. कुणी सांगितलं नव्हतं. कय्यूमने बारा नव्या रिबनींचा खोका तिच्या टेबलाखाली ठेवला आणि हत्यारांची पिशवी आवरली.

त्यानंतर त्या गावाहून फोन आला नाही. येणार नव्हताच, तो येऊ नये म्हणूनच तर सगळं केलं होतं. दिवाळी गेली, उन्हाळा लागला, मोहाची फुलं वेचून संपली. मुबीनचे शुक्रवार येत राहिले. एका सकाळी कय्यूमने दुकानाचं शटर अर्धं उचललं, पुन्हा खाली ओढलं आणि स्कूटर काढली.

सोमारी एका ड्रायव्हरशी बोलत होती. बोलता बोलताच तिने पट्टी दाबली, जुनी डबी काढली, नवी टाकली, लोटली. मशीनकडे नजरसुद्धा गेली नाही. पास फाडून दिला आणि मग दाराकडे तिचं लक्ष गेलं.

"कय्यूमभाऊ! इकडं कुठी?"

"पुढं जाऊन राह्यलो होतो. म्हटलं, पाहून घ्यावं. काई तरास नाई ना?"

"नाई, भाऊ. काईच नाई."

तिने काळा चहा दिला. बाकावर बसून त्याने तो सावकाश प्यायला. विचारण्यासारखं आणखी काही त्याला सुचलं नाही. कप ठेवून उठला. सोमारी दारापर्यंत आली. त्या गावापुढे दुसरं गाव नव्हतं. डांबर आणखी मैलभर जाऊन नाल्यापाशी संपत होतं. जन्मापासून तिथे राहणाऱ्या बाईला हे काय ठाऊक नव्हतं?

"पुढं रस्ता खराब हाये, भाऊ," ती म्हणाली. "हळू जाजा."

"हो," कय्यूम म्हणाला.

पुढं जातोय असं सांगून बसल्यावर त्याला तिकडेच जाणं भाग होतं. नाल्याच्या काठावर त्याने स्कूटर उभी केली. कोरड्या पात्रात पलीकडच्या जंगलातून आलेली गुरांची एक वाट उतरत होती. तो दगडावर बसला. कामाला गेलेल्या माणसाला जेवढा वेळ लागावा तेवढा वेळ बसून राहिला आणि मग परत निघाला.