दुमडलेले कोपरे

"कौसूएच्ची, ती कात्री इकडे दे बघू," म्हणत शैजाने तिच्या हातातून कात्री काढूनच घेतली आणि तिच्या मांडीवरचं सूप उचलून रोहिणीच्या मांडीवर ठेवलं. "आज तू विडी वळायची नाहीस. वही घे."

"अगं, पानं भिजवून ठेवलीत मी. वाळतील ना."

"आम्ही बऱ्या वाळू देऊ. तुझ्या वाटणीचं आम्ही वळतोय. आता बहाणा संपला, एच्ची."

दालनात हशा पिकला. कौसू वयाने मोठी, म्हणून एच्ची, म्हणजे ताई. केरळातल्या कण्णूरजवळ, विडी कामगारांच्या सहकारी संस्थेच्या या शाखेत एके काळी दोनशे माणसं मांडीला मांडी लावून बसत. आता अकरा बायका उरल्या होत्या, आणि महिनाअखेरीला शाखाच बंद होणार होती. त्याआधी शेजारच्या वाचनालयाचे गोविंदन मास्तर या अकरा जणींच्या आयुष्याचं पुस्तक छापायला निघाले होते. जिची तिने स्वतः लिहिलेली कहाणी, एवढीच अट.

शाखेची जुनी रीत अशी, की एकाने उंच स्टुलावर बसून सगळ्यांना पेपर वाचून दाखवायचा आणि त्याच्या वाटणीच्या विड्या बाकीच्यांनी वळायच्या. तीच रीत बायकांनी लिहिण्याला लावली. एक जण लिहायची, दहा जणी तिचं काम ओढायच्या. ती अडली की आठवणी पुरवायच्या, वर भांडायच्याही. शैजाने पळून जाऊन केलेल्या लग्नाचं लिहिलं, तेव्हा तिच्या साडीचा रंग कोणता होता यावर दालनात सकाळभर दोन तट पडले होते. लिहून झालं की स्टुलावर चढून मोठ्याने वाचायचं. गेल्या तीन आठवड्यांत या बायकांना दुसरं काही सुचतच नव्हतं.

कौसू तेवढी राहिली होती. उद्या सकाळी मजकूर छापखान्यात जायचा होता.

"माझ्यात काय आहे लिहिण्यासारखं?" ती पुटपुटली. "पान कापलं, तंबाखू भरला, दोरा बांधला. एका ओळीत संपलं."

"मग ती एक ओळ तुला चाळीस वर्षं पुरली कशी?" रोहिणीने विचारलं. बोलता बोलता तिने कौसूच्या सुपातल्या पहिल्या विडीचं तोंड अंगठ्याच्या नखाने दुमडून बंदही केलं.

कौसूचं लिहिणं अडलं होतं, ते नेमकं या रोहिणीमुळेच. रोहिणीचे वडील चात्तुएट्टन, म्हणजे चात्तुदादा, हे शाखेचे वाचक. वीस वर्षं स्टुलावर त्यांचाच आवाज. त्यांना जाऊनही आता जमाना झाला होता. रोहिणीने आपली कहाणी सुरूच केली होती ती अशी: 'माझ्या वडिलांच्या डोळ्यांनी या दालनाने जग पाहिलं.' ऐकताना सगळ्या जणी रडल्या होत्या. कौसूही रडली होती, पण तिच्या रडण्याचं कारण निराळं होतं. लिहायचं तर तिला एकच गोष्ट लिहावीशी वाटत होती, आणि ती लिहिली की रोहिणीचं ते पहिलं वाक्य खोटं पडत होतं. ती गाळली, तर कौसूजवळ खरोखरच पान, तंबाखू आणि दोराच उरत होता.

तिने वही उघडली. बराच वेळ पेन नुसतं धरून ठेवलं. मग एक ओळ लिहिली, खोडली, पुन्हा तीच लिहिली. त्यानंतर मात्र हात थांबेना.

"सुटली गं एच्चीची गाडी," शैजा कुजबुजली.

"बोलू नको, रुळावरून घसरेल," दुसरीने तिला दटावलं.

कोरा चहा आला आणि निवून गेला. उकडलेलं केळं तिच्यापुढे तसंच राहिलं. तीन पानं झाली, पाच झाली. कौसूचे कान लाल झाले होते, ओठ हलत होते, मध्येच ती एकटीच हसत होती. दहा जणींच्या माना विड्यांवर होत्या, पण डोळे वळून वळून तिच्याकडे जात होते. आठवं पान भरलं तेव्हा गोविंदन मास्तर दारात येऊन उभे राहिले होते आणि त्यांनाही कुणी आत या म्हटलं नव्हतं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

कौसू भानावर आली. तिने वही मिटून छातीशी धरली. "नाही, मास्तर. हे नको. एका ओळीत लिहून देते, तेवढंच छापा."

"असं कसं?" रोहिणीने हात पुढे केला. "तुझं सूप मी भरतेय. वाचणार मी."

"रोहिणी, तू नको."

"का? माझ्या बापाची जागा आहे ती." रोहिणीने वही जवळजवळ ओढूनच घेतली आणि ती स्टुलावर चढली.

ती वाचू लागली. 'मी सोळा वर्षांची होते. एका पहाटे चात्तुएट्टन वाचनालयामागच्या विहिरीपाशी पेपर हातात घेऊन बसले होते. मी पाहिलं, पेपर उलटा होता. ते म्हणाले, पोरी, मला आता अक्षर दिसत नाही. कुणाला सांगू नको. पान कापायला डोळे लागतात, म्हणजे ते काम गेलं. स्टूलही गेलं, तर मी काय करू?'

कौसूने डोळे मिटून घेतले.

'त्या दिवसापासून मी घरी सांगायची, पानं भिजवायला लवकर जाते. पहिल्या बसने पेपर यायचा. मी वाचायची, ते ऐकायचे. एकदा ऐकलं की त्यांच्या डोक्यात पक्कं बसायचं. आठ वाजता ते स्टुलावर चढून पेपर समोर धरायचे आणि सगळं घडाघडा म्हणायचे. दोनशे माणसं ऐकायची. मीही विडी वळत ऐकायची आणि मनात म्हणायची, हे माझं वाचन आहे. चार वर्षं असं चाललं. बरोबर जागी पान कसं उलटायचे, ते मात्र मला कधी कळलं नाही. सकाळी मी दिलेला पेपर सरळ असायचा. स्टुलावर पाहिलं, तर पानांचे कोपरे दुमडलेले.'

पुढची पानं रोहिणीने शेवटपर्यंत वाचली, एकही शब्द न गाळता. दालनातले हात थांबले होते. वाचन चालू असताना हात थांबलेले या दालनाने कधी पाहिले नव्हते.

"कोपरे मी दुमडायचे," स्टुलावरूनच रोहिणी म्हणाली. "विहिरीवरून ते घरी यायचे. किती बातम्या झाल्या की पान उलटायचं, ते बोटं मोजून सांगायचे, मी त्या पानाच्या कोपऱ्याला तेवढ्या दुमडी घालायचे, म्हणजे स्टुलावर त्यांना बोटांनी चाचपून कळायचं. तेरा वर्षांची होते. मला वाटायचं, रोज पहाटे ते देवाकडून ऐकून येतात."

"मग तू ते वाक्य तसं का लिहिलंस गं?" कौसूने विचारलं.

"इथं कुणालाच ठाऊक नसेल असं वाटलं. बापाची लाज झाकली मी." रोहिणी खाली उतरली. "आणि तू माझ्यासाठी झाकून बसलीस. वेडी ती वेडी."

"दोघीही वेड्या," शैजा डोळे पुसत म्हणाली. "आणि अकरा जणींचं काम पडलंय इथं."

तेवढ्याने सगळ्या एकदम बोलू लागल्या. कुणाला चात्तुएट्टनांची एक बातमी आठवली, कुणाला दुसरी. मास्तर दारातूनच विचारत होते, की रोहिणीचं पहिलं वाक्य आता बदलायचं का.

"बदला," रोहिणी म्हणाली. "डोळ्यांनी नको, आवाजाने लिहा."

कौसूने वही परत घेऊन तिच्यातली आठ पानं जपून सोडवली आणि मास्तरांपुढे धरली. ती वाटेतच रोहिणीने घेतली. मांडीवर ठेवून, विडीचं तोंड मिटवावं तसा अंगठ्याच्या नखाने एकेका पानाचा कोपरा दुमडला आणि मग ती पुढे केली.

"मास्तर, हे सरळ करू नका," ती म्हणाली आणि कौसूचं अर्धं राहिलेलं सूप पुन्हा मांडीवर ओढून घेतलं.