उमेदवाराचे प्रश्न

उमेदवाराच्या खुर्चीचा मागचा डावा पाय बाकीच्या तीन पायांपेक्षा पाऊण सेंटिमीटरने तरी आखूड होता. बसणारा पुढे झुकलेला असला की खुर्ची स्थिर राहायची. मागे टेकला की टक्‌ असा आवाज करून तिरकी व्हायची. दामिनीने दोनदा स्वतः बसून पाहिलं आणि खुर्ची बदलायची नाही असं ठरवलं. पहिल्या मुलाखतीला जाणाऱ्या माणसाला खुर्ची बहुधा अशीच मिळते.

"बस ना बे पिंटू, लाजून काहून राहिला?" टेबलापलीकडून प्रशिक म्हणाला. तो आज साहेब होता. त्याने वडिलांचा कोट घातला होता आणि कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या.

नागपुरातल्या इतवारीच्या मागच्या गल्लीतल्या त्या शाळेत शनिवारचा शेवटचा तास दामिनीच्या संस्थेचा असे. नववीच्या मुलांना पैशांचे व्यवहार आणि पुढच्या कामाधंद्याची तयारी शिकवायची, एवढंच संस्थेचं काम. जूनपासून मुलं बँकेची स्लिप भरायला, गरज आणि हौस वेगळी काढायला, मोबाइलवर आलेल्या झटपट कर्जाच्या मेसेजला न भुलायला शिकली होती. मोबाइलचा रिचार्ज ही गरज की हौस, यावर मात्र वर्गाचं अजून एकमत झालं नव्हतं. आज मुलाखतीचा सराव होता. जागा होती कापडदुकानातल्या विक्रेत्याची.

"वडील काय करते?" प्रशिकने विचारलं.

"ऑटो चालवते," पिंटू म्हणाला.

"घर सोताचं का किरायाचं?"

"किरायाचं."

"चष्मा कधीपासून लागला? बरं, जरा चालून दाखव."

पिंटू खरंच उठून दोन पावलं चालला आणि वर्ग हसत सुटला. दामिनी पुढे आली.

"थांबा, थांबा. प्रशिक, चालून दाखव असं कोणत्या दुकानात म्हणतात?"

"माह्या ताईले पाहाले आले होते ना म्याडम, दिवाळीच्या आधी. त्यायनं असंच विचारलं. मी तिथंच होतो बसून."

"आणि ताईनं त्यांना काय विचारलं?"

प्रशिकने थोडा विचार केला. "तिनं कायले विचारावं? तिनं पोहे आनले."

या वेळी दामिनीही हसली. मुलांनी आयुष्यात पाहिलेली मुलाखत एकच, तर ती तशीच करून दाखवणार. ती फळ्याकडे वळली आणि लिहिलं : उमेदवारानेही प्रश्न विचारायचे असतात. पाच मिनिटं दिली. प्रत्येकाने वहीत स्वतःचे प्रश्न लिहायचे.

दुसरी उमेदवार रितिका होती. तिची आई घरी ब्लाउज शिवते, आणि काज-बटणं लावायचं काम रितिकाकडे असतं, हे दामिनीला ठाऊक होतं. रितिका खुर्चीच्या अगदी कडेला ताठ बसली. साहेबांचे प्रश्न तिने भराभर संपवले आणि वही उघडली.

"दिवसभर उभं राहा लागते का?"

"गिऱ्हाईक नसलं तर बसता येते," प्रशिक उदारपणे म्हणाला.

"लेडीज बाथरूम हाय का दुकानात?"

मागच्या बाकांवर खसखस पिकली. दामिनीने तिकडे नुसतं पाहिलं आणि हसणं थांबलं. प्रशिक गडबडला. "पाहून सांगतो," तो म्हणाला.

"काम चुकलं तर तुमी सांगता का, काय चुकलं ते?"

प्रशिकला आता साहेबपणाची लय सापडली होती. तो मागे रेलला. "आमी काहून सांगू? आमी बोलनंच बंद करतो. समजते आपोआप."

"अन् नाही समजलं तर?"

"तर बंदच!"

टाळ्या पडल्या. रितिकाने वही मिटली आणि ती उठून उभी राहिली.

"मंग मले नाही पायजे तुमची नोकरी."

"अवं, पगार चांगला हाय ना!"

"असन."

प्रशिकने दामिनीकडे दाद मागितली. "म्याडम, असं चालते का? द्याची की नाही ते आमी सांगाचं ना! हे कोन सांगनारी?"

दामिनीच्या हातात खडू होता. उत्तर तयार होतं, शिक्षकांच्या पुस्तिकेत छापलेलंच होतं; तरी ते तोंडाशी यायला थोडा वेळ लागला.

चार वर्षांपूर्वी ती उमरेडच्या सासरहून पंधरा दिवसांसाठी माहेरी आली होती. आईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन होतं. पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचं वर्ष झालं. मधेच संस्थेची जाहिरात दिसली आणि ती शाळांतून शिकवू लागली. सासरी तिला कुणी मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. त्यामुळे कुणाला सांगावं असं तिच्याकडे काही नव्हतं. भूपेश, तिचा नवरा, फक्त बोलणं थांबवायचा. कधी दोन दिवस, कधी आठ. दामिनी रसायनशास्त्रातली पदवीधर. निरीक्षण लिहून ठेवायची तिला सवय होती. ती कालनिर्णयावर पेन्सिलीने रोज एक बारीक टिंब द्यायची. शेवटच्या वेळी टिंबं एकोणीस झाली. भाजीत काही चुकलं का, फोनवर जास्त बोलले का, दुकानात कुणासमोर हसले का, असं करत ती एकेक शक्यता बाद करत गेली. कारण कळलं नाही, त्यामुळे सुधारताही काही आलं नाही. विसाव्या दिवशी सकाळी त्याने चहात साखर कमी आहे असं सांगितलं, आणि सगळं पूर्ववत सुरू झालं. त्यानंतर आठ दिवसांनी ती नागपूरच्या बसमध्ये बसली.

दर दिवाळीनंतर उमरेडहून निरोप येई : यंदा पाठवता का? बाबा विचारत, "काय सांगू, बाई?" आणि ती म्हणे, "पाहू." यंदा निरोपाऐवजी भूपेश स्वतः येणार होता, मामांना घेऊन. आज, चार वाजता.

"चालतं," दामिनी वर्गाला म्हणाली. "तिने विचारलं, उत्तर मिळालं, ते पटलं नाही. नको म्हणायला तेवढं पुरतं."

"अन् मंग घरी बसून राहीन का ते?" प्रशिकने विचारलं.

"घरी कायले बसू?" रितिका म्हणाली. "इतवारीत तुहं एकच दुकान हाय का?"

शाळा सुटल्यावर दामिनीने गाडी तांडापेठेतल्या घराकडे घेतली. स्वयंपाकघरात आई, वच्छलाबाई, कांदा चिरत होत्या. पोहे भिजवून ठेवले होते.

"साडी नेसतं का वं? ती आंब्याच्या रंगाची?"

"हाच ड्रेस बरा आहे."

"बाहीले खडू लागला आहे."

दामिनीने बाही झटकली. आई कांदा चिरता चिरता म्हणाल्या, "पन आज काय ते बोलून टाक, बाई. चार वर्षं झाले, शेजारनींसाठी मी अजून बिमारच आहे. माह्ये टाके कधीचे सुकले, अन् त्या भेटल्या की इचारतात, आता तब्येत कशी आहे काकू, दामिनी अजून तुमच्याचसाठी थांबली का?"

दामिनीला हसू आलं. आईला मात्र आलं नाही.

"काय झालं होतं तिथं? मी इचारलं की तू म्हनते, काही नाही. काही नाही, तर मग जात काहून नाही?"

कढईत मोहरी तडतडायला लागली. तो आवाज थांबेपर्यंत दामिनी थांबली.

"ते माझ्याशी बोलायचेच नाही, आई."

"म्हंजे?"

"म्हंजे काही चुकलं की बोलणं बंद. काय चुकलं तेही सांगायचे नाही. शेवटी एकोणीस दिवस बोलले नाही."

"एकोनीस?"

"मोजले होते."

वच्छलाबाईंनी गॅस बंद केला.

"एका घरात," त्या म्हणाल्या. "अन् हे तू मले आज सांगून राहिली."

"सांगण्यासारखं वाटत नव्हतं."

आई पदराने हात पुसत बाहेरच्या खोलीत जाऊन बाबांशी दोन-तीन मिनिटं हळू आवाजात बोलल्या, आणि परत येऊन गॅस पेटवला.

पाहुणे चारला दहा मिनिटं कमी असतानाच आले. भूपेशने संत्रा बर्फीचा डबा आणला होता. त्याचे केस कानशिलांजवळ विरळ झाले होते. दामिनीने ते पाहिलं आणि आपण ते नुसतं पाहू शकलो याचं तिला नवल वाटलं. बोलत होते ते बळीराममामा, त्याचे मामा. पावसाचं झालं, रस्त्याच्या कामाचं झालं, पोह्यांची तारीफ झाली.

"तं मग असं आहे, ईश्वरदासजी," बशी खाली ठेवत मामा बाबांना म्हणाले. "झालं ते झालं. सोमवार चांगला आहे, मी पाहून घेतलं. बाईनं सामान बांधून ठेवावं. गाडी घेऊन येतो आम्ही."

बाबा विणकामाचा हातमाग सुटल्यापासून एका कापडदुकानात बसत. गिऱ्हाइकाशीही कधी चढ्या आवाजात न बोललेला माणूस. ते म्हणाले, "दामिनी समोरच आहे. तिले इचारा."

"तिले काय इचाराचं गा? लेकरू आहे. मोठ्यायनं ठरवाचं असते."

"छत्तीस वर्षांचं लेकरू आहे, भाऊ," दारातून आई म्हणाल्या.

मामा हसले, एकटेच. दामिनीने खुर्ची थोडी पुढे ओढली. आता भूपेश तिच्या अगदी समोर होता.

"मले तुम्हाले एक विचारायचं आहे."

भूपेशने मामांकडे पाहिलं.

"आईच्या ऑपरेशनच्या आधी तुम्ही एकोणीस दिवस बोलले नव्हते. माझं काय चुकलं होतं?"

"जुनं काहून काढते आता?"

"भांडायसाठी नाही विचारत. मले माहीत नाही, म्हणून विचारून राहिली."

भूपेशने टाळलं नाही, हे तिने नंतरही त्याच्या बाजूने मान्य केलं. त्याने खरंच आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ किंचित हलले. त्याने एकदा छताकडे पाहिलं, एकदा बर्फीच्या डब्याकडे.

"नाही आठवत," तो शेवटी म्हणाला. "असन काहीतरी."

तो खोटं बोलत नव्हता. चार वर्षं ती समजत होती की उत्तर त्याच्याजवळ आहे, तो फक्त देत नाही. ती रात्री जागून शोधत राहिली होती ते भाजीतलं मीठ, तो फोन, ते हसू, यातलं काहीच त्याच्याकडे जमा नव्हतं. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. राग येईल असं तिला वाटलं होतं. आला तो एक लांब श्वास, आणि त्यामागून, अगदी थोडी, समोरच्या माणसाची कीव.

"पाहा, म्हंजे काही नव्हतंच!" मामा खूश होऊन म्हणाले. "मग सोमवारी आम्ही नऊ वाजता..."

"बोलू द्या तिले," बाबा म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण मामा थांबले.

वच्छलाबाई दारातून आत आल्या आणि लेकीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हात कुठेच ठेवला नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. दामिनीने भूपेशकडे सरळ पाहिलं. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता.

"मी उमरेडले येणार नाही," ती म्हणाली. "सोमवारी नाही अन् पुढंही नाही. आपण रीतसर वेगळे होऊन जाऊ."