गोठलेल्या बाटल्या

सशांच्या रक्तात लसीच्या परिणामाचा मागमूस नव्हता. बारा ससे, तीन महिने, आणि हाती काय, तर भोपळा!

"दुपारच्या बैठकीत हे काम बंद करू," साहेब म्हणाले आणि चहाला गेले. दुसऱ्याचं काम बंद करायला तेवढाच वेळ लागतो.

लस बनवणाऱ्या ताईंना पटेना. एचआयव्हीच्या विषाणूचा निरुपद्रवी तुकडा बारीक कणांवर बसवून टोचायचा, ही कल्पना त्यांची. धाकटा भाऊ अकरा वर्षं त्या आजाराची गोळी रोज घेतोय. "माझं निभतंय गं ताई. पुढच्यावर ही वेळ येऊ नये, एवढं बघ," म्हणतो. त्याला त्या हो म्हणून बसल्या होत्या.

लसीची उरलेली बाटली त्यांनी खिडकीशी धरली. तळाशी फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या. म्हणजे बाटली गोठली होती! गोठले की हे कण एकमेकांना चिकटतात आणि कामातून जातात. फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, हे सांगून सांगून ताईंच्या तोंडाला फेस आला होता.

"कोणी गोठवल्या हो या?"

सशांची देखभाल करणारे मामा पिंजरा धूत होते. "टोचायच्या दिवशी तुम्हीच तर बाटल्या फ्रीझरमधून काढून तळहातात चोळत बसला होतात. म्हणालात, मामा, हात गारठले."

ताईंना तो दिवस आठवला. जुन्या प्रकारच्या लसी फ्रीझरमध्ये ठेवायची वीस वर्षांची सवय; डोकं भलतीकडे असताना हातांनी नेहमीचंच केलं होतं. बारा मुक्या जीवांना उगाच टोचलं. भयंकर लाज वाटली. गप्प बसलं तर नाव शाबूत राहणार होतं, लस मात्र कायमची बाद.

बैठकीत त्या उभ्याउभ्याच बोलल्या. "लसीची परीक्षा झालेलीच नाही. बाटल्या मी गोठवल्या."

साहेबांनी चष्मा काढला. "अहवालात तुमच्या नावानिशी जाईल हे."

"जाऊ द्या. मला बारा ससे हवेत."

"आठ."

"आठ तर आठ. उद्यापासून."

परत येऊन त्यांनी फ्रीझरला कुलूप घातलं आणि किल्ली मामांच्या हातात दिली. "मी मागितली तरी द्यायची नाही."

"ओरडलात तरी?"

"ओरडले तरी. रडले तरी."

मामांनी किल्ली कमरेला खोचली आणि आठ पिंजरे पुसायला घेतले.