अकरा पायऱ्या

पट्टीसाहेबांनी नकाशाचे चार कोपरे चार रिकाम्या कपांखाली दाबले आणि कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. सहीखालची रेघसुद्धा ते पट्टी लावून ओढत, म्हणून हे नाव. ते सगळ्या कार्यालयाला ठाऊक होतं, साहेबांसकट.

समोर नदीकाठच्या उद्यानांचा पुढच्या तीस वर्षांचा आराखडा होता. साहेबांच्या निवृत्तीला तीन दिवस उरले होते.

"जागा क्रमांक चार," नियोजन विभागात नव्यानं लागलेल्या मुलीनं वाचलं. "बोटक्लबच्या मागे अकरा पायऱ्या. मंजुरी सापडत नाही. पाहणीत वापरणारे शून्य. शिफारस, पाडून सलग कठडा."

"शून्य?"

"सकाळी दहा ते बारा मोजले, सर."

"दहा ते बारा नदीवर कोण जाईल? तेव्हा माणसं ऑफिसात असतात. निदान तसं घरी सांगून निघालेली असतात."

मुलगी हसली, पण तिची पेन्सिल 'पाडणे'च्या रकान्यावरून हलली नाही.

"मंजुरी नसताना बांधल्या कुणी?" तिनं विचारलं.

"नकाशात होत्या. कंत्राटदारानं बांधल्या."

"आणि नकाशात कुणी काढल्या?"

साहेब एक कप सरळ करू लागले. कप सरळच होता.

"मी."

तेव्हा ते कनिष्ठ आरेखक होते. वडिलांचे गुडघे गेले होते. संध्याकाळी वडील काठाच्या भिंतीवर जाऊन बसत आणि चडफडत, कारण पाय पाण्याच्या दीड हात वर लोंबकळत राहत. एका दुपारी मुलानं अंतिम प्रतीवर अकरा रेघा जादा ओढल्या. अर्थात पट्टी लावून. वरिष्ठ नकाशात फक्त सहीची जागा शोधत, ती त्यांना सापडली. पायऱ्या झाल्या. वडील सात उन्हाळे पाण्यात पाय सोडून बसले. "सरकारी काम," घरी येऊन सांगत, "शेवटची पायरी बोटभर उंच ठेवलीय गाढवांनी." गाढव मान खाली घालून जेवत असे. आठव्या उन्हाळ्याला वडील नव्हते.

"आरेखकाची चूक, असं लिहून देतो," साहेब म्हणाले.

"मग तर पाडाव्याच लागतील, सर." तिनं आवाज खाली आणला. "पण फेरमोजणी मागता येते. एक जरी माणूस सापडला, तरी जागा 'विचाराधीन'मध्ये जाते."

'विचाराधीन'मध्ये गेलेली गोष्ट त्या कार्यालयात आजवर कधी मेली नव्हती.

"एकच पुरतो?"

"एकच. कर्मचारी सोडून."

दोघांनी एकाच वेळी कॅलेंडरकडे पाहिलं. फेरमोजणी पुढच्या महिन्याच्या एक तारखेला ठरली.

एक तारखेला दहाच्या ठोक्याला मुलगी आली, तेव्हा साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून शेवटच्या पायरीवर बसले होते. तिनं ओळख दाखवली नाही. फॉर्म काढला.

"वय?"

"अठ्ठावन्न."

"काय करता?"

"सरकारी..." साहेब थांबले. "काही नाही."

"येण्याचं कारण? व्यायाम, करमणूक, इतर?"

"इतर."

"याआधी किती वेळा आलात?"

साहेबांनी पाण्यातला पाय हलवला. रोज निघताना वडील चपला घालत घालत विचारायचे, "येतोस का रे?" आणि टेबलावरून मान वर न करता मुलगा म्हणायचा, "आज नको हो. रविवारी बघू."

"रोज येता, असं लिहू?" मुलीनं हळूच विचारलं. "वजन पडेल."

"नको," साहेब म्हणाले. "पहिल्यांदाच आलोय."

तिनं तसं लिहिलं आणि पायऱ्या चढून गेली. मोजणी बाराला संपली. साहेब त्यानंतरही बसून होते, पायरीच्या एका कडेला सरकून, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.