आभाळभर दूध

लेकीनं दूध काढायच्या पंपाची वाटी पुन्हा छातीला लावली आणि पडद्याबाहेर स्टुलावर बसलेल्या आजोबांना त्याची घरघर ऐकू येऊ लागली. ती थांबली की ते कान टवकारत. पण बाटलीचा तळही ओला होत नव्हता.

बाळ वेळेआधीच आलं होतं, बाजूच्या खोलीत काचेच्या पेटीत होतं, आणि त्याच्या एवढ्याशा आतड्यांना वरचं दूध झेपणार नव्हतं. दवाखान्याच्या दूधपेढीतला, इतर आयांनी दिलेलं दूध ठेवायचा फ्रिज रिकामा होता.

"काळजीनं दूध आटतं, आजोबा," सिस्टर म्हणाली होती. "तिच्याशी काहीतरी बोलत बसा. फक्त हळू. पलीकडच्या खाटेवरच्या बाईंचं बाळ काल गेलं."

बोलायचं काय? आजोबांचा जन्म शब्दकोशाच्या कचेरीत गेला होता. कुठलाही शब्द दिसला की त्याचं मूळ खणल्याशिवाय घास उतरत नसे. या खोडीला बायको मूळव्याध म्हणायची.

"बाबा, काहीही बोला," लेक आतून म्हणाली. "तुमचं ते मूळबीळसुद्धा चालेल."

आजोबांना तेवढं निमित्त पुरे होतं.

"गॅलक्सी," ते म्हणाले. "शब्द मुळात ग्रीक. गाला म्हणजे दूध."

"आकाशात दूध?"

"हो ना. आणि त्याचं रूप चालवलं की होतं गालाक्तोस. त्यातल्या क शेजारी स आला, की तुझ्या स्पेलिंगमधला तो एक्स..."

"बाबा, एक्स राहू दे. दुधाचं सांगा."

"बरं. काळोख्या आभाळात तो पांढरा पट्टा दिसतो, त्याला ते लोक दुधाळ म्हणायचे. म्हणायचे, एक देवी झोपली होती. कुणीतरी एक तान्हं मूल गुपचूप तिच्या छातीशी लावलं. जाग येताच तिनं त्याला ढकललं, आणि दूध जे उडालं ते थेट आभाळभर. आपला सूर्य, हा दवाखाना, तुझं पोर, सगळं त्या दुधातच आहे बघ."

कोशात हे त्यांनी एका ओळीत उरकलं होतं. आज तोंडानं सांगताना त्यांच्या अंगावर काटा आला. केवढं ते आभाळ, आणि माणसांना त्यात दिसलं काय, तर सांडलेलं दूध! या नादात आपला आवाज कधी चढला हे त्यांना कळलंच नाही.

पलीकडच्या पडद्यामागे खाट करकरली. आजोबांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"आजोबा," त्या बाईचा आवाज आला. "ते मूल तिचंच होतं का?"

थाप मारून वेळ निभावता आली असती. पण अर्थ फिरवून सांगणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"नाही बाई. दुसरीचं होतं."

"तिला ठाऊक नव्हतं?"

"झोपेत होती ना."

 लेकीचा पंप थांबला. सकाळपासून त्या पडद्याआड मधूनमधून नळ सुटत होता. दुखऱ्या छातीतलं दूध ती बाई पिळून बेसिनमध्ये ओतत होती.

मग पलीकडच्या खाटेची घंटी वाजली आणि सिस्टर लगबगीनं त्या पडद्याआड गेली.

"मलाही ते मशीन द्या," बाई म्हणाली. "हे आता नाही ओतून टाकणार मी."

"ताई, नीट विचार करा. घाई नाही."

"त्या बाळाला आहे ना घाई?"

सिस्टरचा आवाज मऊ झाला. "आधी तपासण्या होतील, मग दूध तापवून घेऊ. उद्या देता येईल."

"किती लागतं त्याला?"

"एका वेळी चमचाभरही नाही."

"एवढंसंच?" बाई म्हणाली, आणि तिला हुंदका फुटला.

लेक उठली. टाके सांभाळत, भिंतीला धरत ती आजोबांच्या समोरून पलीकडे गेली आणि पडद्याआड दिसेनाशी झाली. आजोबांनी तिला थांबवलं नाही. आतून दोघींचं रडणं ऐकू आलं, मग नाक ओढल्याचा आवाज, मग पंपाची घरघर.

सिस्टर बाहेर आली तेव्हा तिच्या हातातली बाटली काठोकाठ भरलेली होती. बाटली दोन्ही हातांनी धरून ती जपून पावलं टाकत होती. आजोबा उठून उभे राहिले. ती दाराबाहेर गेली, तरी ते तसेच उभे होते.