वीज गेल्यावरचा लाल दिवा

चोलपोन घरात सर्वांच्या आधी उठली. अंगणातल्या कोळशाच्या ढिगावरचे बर्फ तिने फावड्याने बाजूला सारले, बादली भरून आणली आणि स्वयंपाकघरातली भट्टी पेटवली. कोळसा धरू लागताच भट्टीच्या लोखंडी पाट्यावर मोठी किटली चढली. मग तिने कालच्या रोट्या फडक्यातून काढल्या, जर्दाळूचा मुरंबा वाटीत घेतला आणि बैठकीत खाणे मांडायचा कापडी दस्तरखान अंथरला. सगळे रोजच्या क्रमाने झाले. शेवटी मात्र, सासू उठायच्या आत, किटलीतले उकळते पाणी तिने बैठकीतल्या विजेच्या भांड्यात ओतले आणि भांड्याची वायर भिंतीला अशी टेकवून ठेवली, की लांबून पाहणाऱ्याला ती जोडलेलीच वाटावी.

हे भांडे म्हणजे तिच्या सासूची, तुर्सुनायची, शान होती. पाणी उकळायचे आणि चोवीस तास कढत ठेवायचे, एवढेच त्याचे काम. वरून दाबले की धार लागे. कराकोल शहरातल्या थंडीत कोण कधी दारात येऊन उभे राहील याचा नेम नाही, आणि आलेल्या माणसाला चहासाठी ताटकळावे लागणे ही तुर्सुनायच्या लेखी घराची अब्रू जाण्यासारखी गोष्ट होती. त्यामुळे भांड्याचा लाल दिवा रात्रंदिवस जळत असे.

काही दिवसांपूर्वी वाद पेटला होता तो विजेच्या बिलावरून. वापर एका मर्यादेपुढे गेला की दर चढतो आणि गेल्या महिन्यात तो गेला होता. तुर्सुनायने घरभर नजर फिरवली. ती थांबली घरातल्या बोळात ठेवलेल्या शिवणयंत्रावर.

"हेच खातंय सगळी वीज. दिवसभर आपलं घरघर, घरघर!"

"आपा, मी पाय ठेवला तरच ते चालतं. तुमचं भांडं तर कुणी हात लावला नाही तरी चालूच."

"भांडं पाहुण्यांसाठी आहे."

"आणि गाद्या बूबूसारा एजेंच्या लेकीसाठी आहेत. लग्न तोंडावर आलंय."

शेजारच्या बूबूसाराने, जिला चोलपोन मानाने एजे म्हणे, लेकीच्या रुखवताच्या गाद्या आणि तुकडे जोडून करायच्या दुलया चोलपोनकडे दिल्या होत्या. हे काम नीट पार पडले तर गल्लीतली आणखी घरे येणार होती. अडले तर सगळे बाजारातल्या शिंपिणीकडे जाणार होते. लग्न होऊन या घरात आल्यापासून चोलपोनचे स्वतःचे म्हणावे असे हे एकच काम होते. सासूने यंत्र कोठीत टाकले असते तर तेही गेले असते.

"एमिल, तूच सांग बाबा," तुर्सुनाय मुलाकडे वळली.

"मला कामाला उशीर होतोय," म्हणत एमिलने बुटांत पाय घातले.

अखेर ठरले ते असे: एक महिना यंत्र चालू राहील. बिल मर्यादेच्या आत आले तर ठीक, नाही तर यंत्र कोठीत आणि कोठीची किल्ली तुर्सुनायच्या खिशात.

त्या रविवारी सासू बाजारात गेलेली पाहून चोलपोनने एमिलला यंत्रावर बसवले. "नुसता पाय दाबून धर, कापडाला हात लावू नकोस," असे बजावून ती ओसरीवरच्या मीटरपाशी जाऊन उभी राहिली. मीटरवरचा बारीक दिवा आळसावल्यासारखा मिचकत होता. एमिल आत यंत्र पळवीत होता, तरी दिव्याच्या आळसात फारसा फरक पडला नाही. तेवढ्यात बैठकीतल्या भांड्याने पाणी पुन्हा उकळायला घेतले आणि दिवा पिसाळल्यासारखा लुकलुकू लागला.

"अजून दाबू का?" आतून एमिल ओरडला.

"पुरे! चोर सापडला."

चोर सापडला खरा, पण सासूला तो दाखवायचा कसा? भांड्यावर बोट ठेवणे म्हणजे तिच्या पाहुणचारावर बोट ठेवणे. स्वयंपाकघरात कोळसा तर दिवसभर जळतच होता आणि भट्टीवरची किटली फुकट उकळत होती. चहा ओतायचा मान सुनेचा, म्हणजे भांड्यापाशी चोलपोनशिवाय कुणी बसतच नसे. अडचण होती ती भांड्यावरच्या लाल दिव्याची. तोही प्रश्न नेलपॉलिशच्या बाटलीने सोडवला. विझलेल्या दिव्यावर चोलपोनने लाल रंगाचा एक टपोरा थेंब लावला, आणि तो वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालताना तिचे तिलाच हसू आवरेना.

महिनाभर तुर्सुनाय मोबाइलचे चार्जर उपटत फिरली, टीव्हीची वायर काढीत राहिली, रिकाम्या खोलीतले दिवे मालवीत राहिली. चहाचा पियाला मात्र ती कौतुकाने हातात घेई.

"बघ, काय वाफ आहे! उगाच नाही मी हे भांडं घेतलं."

"हो ना आपा," चोलपोन खाली मान घालून म्हणे.

बिल आले ते मर्यादेच्या आत. त्याच दुपारी बूबूसारा गाद्या बघायला आली, तेव्हा तुर्सुनायला बोलायला विषयच मिळाला.

"घरात शिस्त लागते, बूबूसारा. मी एकेक वायर स्वतः उपटली. नाहीतर या पोरी! चार्जर भिंतीला लटकलेला आणि फोन खिशात."

"आणि हे भांडं?"

"ते कशाला बंद करू? ते काही तेवढं खात नाही."

चोलपोनने बूबूसाराच्या पियाल्यात, पाहुणीला पुन्हा पुन्हा वाढता यावा म्हणून, मानाने अर्ध्याहून कमी चहा ओतला. तो तिने दोन्ही हातांनी पुढे केला आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली. फ्रिजने एक उसासा टाकला, टीव्हीवरची गायिका तोंड उघडे ठेवून नाहीशी झाली. हिवाळ्यात हे नेहमीचेच होते; कुणी त्याची दखलही घेतली नसती. पण बूबूसाराची नजर भांड्यावर खिळली.

"अगं, याचा दिवा अजून चालू आहे!"

तुर्सुनायने डोळे बारीक करून भांड्याकडे पाहिले, मग भिंतीकडे, मग सुनेकडे. पियाला तिने शांतपणे ओठांना लावला.

"चांगल्या कंपनीचं आहे," ती म्हणाली.

"वीज नसताना चालतं? कुठून घेतलंस गं?"

"बाजारात विचार. शोधावं लागतं, सहज नाही मिळत."

बूबूसाराने गाद्या उलटसुलट करून पाहिल्या, टाके चिमटीत ताणले, उरलेल्या दुलयांचे कापडही ठेवून गेली. अंगणाचे फाटक वाजताच तुर्सुनाय भांड्यासमोर वाकली आणि लाल ठिपका नखाने खरवडू लागली.

"कधीपासून?"

"महिनाभर, आपा."

"आणि मी जे कौतुक करत होते, ते?"

"ते भट्टीवरच्या किटलीचं."

तुर्सुनायने नखाखालचा लाल रंग फुंकून टाकला. आता हिचा हात किल्लीकडे जाणार, असे चोलपोनला वाटले. खिशातून किल्ली निघालीही, पण तुर्सुनायने ती सुनेच्या तळहातावर ठेवली.

"जा, कोठीतून कांदे आण. आणि बूबूसाराला एक शब्द सांगायचा नाही. हिंडू दे तिला बाजारभर."

चोलपोन कांदे घेऊन परतली तेव्हा बैठकीतले छोटे मेज रिकामे दिसले. भांडे स्वयंपाकघरात भट्टीशेजारी गेले होते. बोळातून काहीतरी जड ओढल्याचा आवाज येत होता. तुर्सुनाय धापा टाकत शिवणयंत्र बैठकीतल्या खिडकीकडे ढकलीत होती. मदतीला धावलेल्या सुनेला तिने हातानेच थांबवले, यंत्र उजेडात नीट लावले आणि त्याची वायर भांड्याच्या मोकळ्या सॉकेटमध्ये खोचून ठेवली.